विश्लेषण : लेकराच्या अंगावरचा वळ आणि पालकांच्या तोंडची गोष्ट

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात बारावीत शिकणाऱ्या एका मुलीचा मारहाणीत मृत्यू झाला. 'नीट'च्या सराव परीक्षेत गुण कमी पडल्याच्या रागातून वडिलांनी जात्याच्या लाकडी खुंट्याने मारले, अशी फिर्याद मुलीच्या आईनेच दिली आणि वडिलांना अटक झाली. मुलीला दहावीला नव्वद टक्क्यांहून अधिक गुण होते. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते.

पंढरपूरहून सांगोला ओलांडला की पुढे आटपाडी तालुका लागतो. म्हणजे करकंब, भोसे किंवा पंढरपूरच्या वाचकासाठी हा परका मुलूख नाही. सोयरिकी आहेत, बदल्या होऊन गेलेले शिक्षक आहेत. अशी बातमी आली की पारावर आणि मोबाइलवर एकच वाक्य ऐकू येते, 'शिकलासवरलेला माणूस असं कसं करील?' या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. लेकराला जीवघेणे मारणारा बाप दारूडा, अडाणी, फाटका असतो आणि तो लांबून ओळखू येतो, हे ते गृहीत. ते चुकीचे आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. ज्या घराकडे संशयाने पाहावे असे कुणाला वाटत नाही, त्या घरातल्या मुलाला विचारणारे कुणीच उरत नाही.

मग ओळखायचे कशावरून? पालकांच्या पगारावरून, जातीवरून, घराच्या भिंतींवरून तर नाहीच. बालसंरक्षणात काम करणारे डॉक्टर आणि समुपदेशक जिकडे पाहतात ती जागा वेगळी आहे. मुलाला काय झाले हे पालक कसे सांगतात आणि मुलाबद्दल ते कसे बोलतात, याकडे त्यांचे लक्ष असते.

मारणारे हात कुणाचे?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालअत्याचारांवरील देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते. आकडे जुने आहेत, पण इतक्या मोठ्या संख्येने मुलांनाच विचारून केलेला अभ्यास म्हणून त्यांचा आजही दाखला दिला जातो.

या आकड्यांत चापटीपासून चटक्यापर्यंत सगळे आले. प्रत्येक चापट मारणारी आई गुन्हेगार आहे, असा त्याचा अर्थ काढणे आततायीपणाचे होईल. पण चापट कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, ही रेषा आपल्याकडे मुद्दाम पुसट ठेवलेली आहे. पोराला शाळेत घालताना 'कातडी तुमची, हाडं आमची' असे गुरुजींना सांगण्याची रीत फार जुनी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये शाळेतल्या मारावर आणि मानसिक छळावर बंदी आणली. घरातल्या मारावर अशी स्पष्ट, सरसकट बंदी भारतात अजून नाही. त्यामुळे गुरुजींची छडी गेली, पण घरातला पट्टा, चपटी, उलथने आपल्या जागी आहेत.

गोष्ट जुळत नाही तेव्हा

१९६२ मध्ये हेन्री केम्प या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या क्ष-किरण चित्रांत एकाच वेळी जुनी, भरत आलेली आणि अगदी ताजी मोडलेली हाडे दिसत होती. पालक मात्र 'पाळण्यातून पडलं' एवढेच सांगत. मोडतोड आणि सांगितलेली गोष्ट यांचा मेळ बसत नव्हता. केम्प यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. खुद्द आई-बापांनी असे केले असेल हे मानायला डॉक्टरांचेच मन तयार होत नव्हते, म्हणून ही मुले निदानातून निसटत होती. त्या निबंधानंतर अमेरिकेतल्या राज्यांनी काही वर्षांतच डॉक्टरांवर अशा घटना कळवण्याची सक्ती करणारे कायदे केले.

साठ वर्षांनंतरही सगळ्यात भरवशाची खूण तीच आहे. समजा, तीन महिन्यांचे बाळ घेऊन पालक दवाखान्यात आले आणि 'कुशीवर वळताना खाटेवरून पडलं' म्हणाले. तीन महिन्यांचे बाळ सहसा कुशीवर वळत नाही. दीड वर्षाच्या मुलाने 'स्वतःच चुलीवरचं आधण अंगावर ओढून घेतलं' असे सांगितले, तर पाणी वरून सांडल्याचे डाग वेडेवाकडे, ओघळलेले दिसतील. दोन्ही पाय घोट्यापर्यंत एकसारखे, मोजे घातल्यासारखे भाजलेले असतील तर ती दुसरी गोष्ट असते. पाय पाण्यात कुणीतरी धरून ठेवले होते का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो.

गोष्ट बदलते तेही ऐकायला हवे. अंगणवाडीत आई म्हणते 'जिन्यावरून पडला', संध्याकाळी आजी म्हणते 'गाईनं ढकललं', आणि वडील म्हणतात 'मला काय माहीत, मी रानात होतो'. माणसे घाबरली की तपशील पुढे-मागे होतात, हे खरे. पण खऱ्या अपघाताचा गाभा हलत नाही. ज्याचे मूल खरोखर पडलेले असते ते पालक विचारण्याआधीच दहादा सांगतात. मी कसा तिथे नव्हतो, मलाच कसे कळले नाही, असे स्वतःला दूषण देत सांगतात. छळ करणाऱ्या घरात बरेचदा याच्या उलट दिसते. विचारले की चिडचिड होते, किंवा गोष्ट फार पाठ केल्यासारखी, थोडक्यात सांगून विषय बदलला जातो.

उशीर ही आणखी एक खूण. हात सुजलेला असताना दोन-तीन दिवस घरीच ठेवले, मग करकंबच्या दवाखान्याऐवजी लांब टेंभुर्णीला नेले, पुढच्या वेळी आणखी तिसरीकडे. दर वेळी वेगळा डॉक्टर म्हणजे मागची जखम कुणालाच माहीत नाही. अर्थात गावाकडे उशिराला शंभर कारणे असतात. पैसे नसतात, गाडी नसते, द्राक्षांची काढणी अडलेली असते. म्हणून नुसता उशीर पुरावा ठरत नाही. उशीर, न जुळणारी गोष्ट आणि मुलाची दहशत ही तिन्ही एकत्र दिसली, तर मात्र 'असेल काहीतरी' म्हणून पुढे जाता येत नाही.

वळ कुठे आहे?

खेळत्या मुलाच्या अंगावर खरचटलेले असणारच. गुडघे, नडगी, कोपर, कपाळ या हाडे वर आलेल्या जागा पडल्यावर आधी टेकतात. कान, मान, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू, कुल्ले या जागा पडताना सहसा लागत नाहीत. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग असेल तर अधिक चौकशी करावी, असा नियम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी शेकडो मुलांच्या जखमा तपासून बांधला आहे. जेमतेम चार महिन्यांच्या, अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर कुठेही असा डाग दिसणे, हे त्यांच्या मते स्वतःच चौकशीचे कारण आहे.

इथे एक सावधगिरी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. अनेक भारतीय बाळांच्या पाठीवर, कमरेखाली जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ते दुखत नाहीत, दाबले तरी मूल रडत नाही, आठवड्याभरात रंग बदलत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप जातात. नव्याने रुजू झालेल्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याने ते मारहाणीचे म्हणून गावभर केले, तर निर्दोष आईचे जगणे नकोसे होईल. रक्त न गोठण्याच्या आजारातही किरकोळ धक्क्याने मोठे डाग पडतात. निदान डॉक्टरांनीच करायचे, ते यासाठी.

बिब्बा आणि डागण्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. बाळाचे पोट फुगले, श्वास लागला की डाग देणे, बिब्ब्याचे चटके देणे हे आजही काही घरांत होते. मेळघाटात फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. हे करणाऱ्यांना बाळ जगायला हवे होते. द्वेष नाही, तरी इजा तीच. अशा घराला पोलिसांच्या आधी आशा सेविका आणि वेळेवर मिळणारा डॉक्टर हवा असतो. पण समजावूनही दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तेच होत असेल, तर अज्ञानाची सबब किती काळ चालवायची, हा प्रश्न उरतो.

मुलाबद्दल पालक काय म्हणतात

अंगावरचा वळ शर्टाखाली झाकता येतो. बोलणे झाकणे अवघड जाते.

'ही जल्मली आन् घराचं वाटुळं झालं.' 'ह्याला मारल्याबिगर कळतच न्हाई.' 'लय वांड हाय, गुरुजी, तुमी बी हाना.' अशी वाक्ये रागाच्या भरात कुठल्याही घरात एखाद्या वेळी निघतात. पण तीन वर्षांचे मूल मुद्दाम, आपल्याला छळायला गादी ओली करते, असे एखादे पालक मनापासून मानत असतील, त्यांना त्या मुलात एकही गुण सांगता येत नसेल, तर ती धोक्याची घंटा आहे. मुलाला माणूस म्हणून न पाहता अवदसा, ओझे किंवा शिक्षा म्हणून पाहणे हे अनेक छळांच्या मुळाशी असते.

कित्येकदा घरातल्या एकाच मुलाच्या वाट्याला हे येते. तिसरी मुलगी, आधीच्या लग्नातले मूल, मंद किंवा अपंग मूल, आईच्या बाळंतपणात काही विपरीत घडल्यावर जन्मलेले मूल. बाकीच्या भावंडांना नवे दप्तर आणि या एकालाच उरलेसुरले. शेजाऱ्यांना हे दिसत असते. 'आईला ते डोळ्यापुढं नको' असे बोललेही जाते, आणि तिथेच थांबते.

उलट टोकाची खूणही आहे. मूल नऊ वर्षांचे असताना त्याच्यावर नव्वद वर्षांच्या अपेक्षा. प्रत्येक गुणाचा हिशेब, प्रत्येक चुकीला शिक्षा, दुसरा नंबर आला म्हणून जेवण बंद. पंढरपूर, बार्शी, सोलापूरच्या शिकवण्यांच्या फलकांवर झळकणाऱ्या फोटोंमागे सगळीच घरे अशी नसतात, हे सांगायला नको. पण आटपाडीच्या घटनेनंतर एक गोष्ट मान्य करावी लागते. अभ्यासासाठी मारणे हा आपल्याकडे अजूनही छळ समजला जात नाही, त्याला 'कडक शिस्त' म्हणतात. शेजारी भिंतीपलीकडून ऐकतात आणि 'त्यांची पोरं पुढं जातील' असे वर म्हणतात.

आणखी एक बारीक खूण शिक्षकांच्या हाती सहज लागते. पालकसभेत प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर दर वेळी वडीलच देतात आणि मूल बोलण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. शाळा सुटल्यावर मूल घरी जायला टाळाटाळ करते, दप्तर भरायला अर्धा तास लावते. वडिलांना फोन करतो म्हटले की थरथरते. यातले काहीही एकटे पुरेसे नाही. शाळेच्या हजेरीपटावर किंवा वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून ठेवलेल्या चार नोंदी मात्र महिन्याभराने बरेच काही सांगतात.

ज्या घरात बाईला मार बसतो, तिथले मूल सुरक्षित आहे असे समजू नये. मूल मध्ये पडते, किंवा मध्ये पडायला नको म्हणून लपते. मार खाणारी आईच कधी मुलावर हात टाकते, हेही घडते. बाळंतपणानंतर महिनोन्महिने उदास असलेली, बाळाकडे न पाहणारी, 'ह्याचं मी काहीतरी करून टाकीन' असे बोलणारी आई दिसली, तर तिला बोल लावण्याऐवजी दवाखान्यात न्यायला हवे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक त्रासासाठी मोफत बोलता येते. कर्जाने, दारूने, एकटेपणाने पिचलेल्या पालकाला वेळेवर मिळालेला आधार मुलाचाही मार वाचवतो.

गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे. गाळप हंगाम सुरू झाला की करकंब परिसरातल्या फडांवर बाहेरून आलेल्या टोळ्यांची पाले पडतात. पहाटे आई-बाप फडात, बाळ उसाच्या पाचटावर किंवा बैलगाडीखालच्या झोळीत, त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. अंगावर धड कपडे नाहीत, नाक वाहते आहे, शाळा बुडालेली आहे. रस्त्याने जाणाऱ्याला हे उघड दुर्लक्ष वाटेल.

पण या आई-बापांसमोर पर्याय कोणता आहे? कायद्यानेही हा फरक केला आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाकडे 'जाणूनबुजून' केलेले दुर्लक्ष हा गुन्हा आहे, आणि परिस्थितीच हाताबाहेर गेल्याने जन्मदात्यांना मूल सोडावे लागले असेल तर ते जाणूनबुजून मानले जात नाही. पालावरच्या मुलासाठी उत्तर साखरशाळा, हंगामी वसतिगृह, फडाजवळची अंगणवाडी हे आहे. मुकादमाने आणि कारखान्याने तशी सोय केली नसेल तर दुर्लक्ष त्यांचेही आहे, आणि त्यांना कुणी 'वाईट आई' म्हणत नाही.

फरक ओळखण्याची एक साधी कसोटी क्षेत्रात काम करणाऱ्यांना माहीत असते. सोय समोर आणून दिली तर पालक काय करतात? लसीकरणाची गाडी पालावर आली, आणि दिवसाचा खाडा करून आई बाळाला घेऊन रांगेत उभी राहिली, तर ती गरीब आहे, बेफिकीर नाही. गावातल्या पक्क्या घरात दोन गाड्या उभ्या आहेत, मुलीचा कान महिनाभर वाहतो आहे, ताईंनी तीनदा सांगून चिठ्ठी दिली तरी 'होईल बरं' म्हणून कुणी तिला हलवत नाही, तर नाव दुर्लक्षच द्यावे लागेल. बंगला असला तरी.

गरिबीमुळे मूल सांभाळणे जमत नसेल तर मार्ग आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. एक पालक गेलेल्या, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या घरांसाठी ही रक्कम लहान नाही.

मुलींच्या बाबतीत दुर्लक्षाची एक खास खूण आहे. दिवाळीनंतर आठवी-नववीतली मुलगी शाळेत येणे एकदम बंद होते आणि पालक 'मामाकडं गेलीय' म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. सोलापूर जिल्ह्याचे प्रमाण या सरासरीच्या बरेच वर आहे. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर असते. मुलगी दिसेनाशी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेने त्यांना कळवले, तर मांडव पडण्याआधी काहीतरी करता येते.

जिथे वळ उठत नाही

घरातल्या माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार ओळखणे सर्वांत कठीण. करणारा माणूस बरेचदा बाहेर अतिशय प्रेमळ दिसतो. मुलीला एकटीला कुणाकडे जाऊ न देणे, मैत्रिणी तोडणे, तिच्याशी कुणी बोलले की संतापणे, ती मोठी झाली तरी तिच्या आंघोळीच्या, झोपण्याच्या वेळी अकारण जवळ राहणे, दुसऱ्यांसमोर तिला 'खोटारडी' ठरवून ठेवणे, अशा गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. शेवटची गोष्ट विशेष. मूल उद्या काही बोललेच तर कुणी विश्वास ठेवू नये, याची तयारी आधीच केलेली असते. मुलांच्या बाबतीतही हे सगळे घडते. 'पोराला काय होतंय' हा समज २००७ च्या अभ्यासानेच खोडून काढला आहे.

इथे कायदा गप्प बसण्याची मुभा देत नाही. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. यातून फक्त मुले वगळली आहेत. डॉक्टर, मुख्याध्यापक, मावशी, आजी कुणीही वगळलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृह प्रकरणात एका डॉक्टरवरील न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले.

साध्या मारहाणीबाबत प्रत्येक नागरिकावर अशी सक्ती नाही. पण कळवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि कलम ७५ खाली मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने क्रूर वागणूक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आई-वडील त्यातून सुटत नाहीत.

'आमच्या घरातलं आमी बगू'

शंका आली तर पहिल्यांदा काय करू नये, ते आधी. पालकांना गाठून 'तुम्ही पोराला मारता का?' असे विचारू नये. उत्तर 'आमच्या घरातलं आमी बगू' असेच येते आणि रात्री त्याची शिक्षा मुलाला मिळते. मुलाची उलटतपासणी घेऊ नये. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकणे तर गुन्हा ठरू शकतो, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ आणि पोक्सोच्या कलम २३ ने मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. नाव, फोटो, शाळा, घर, काहीच नाही.

मूल बोलले तर ऐकून घ्यावे. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढे म्हणावे. 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, ते पाळता येत नाही. त्याचेच शब्द, तारखेसह, लिहून ठेवावेत.

मग १०९८. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारी यंत्रणा चालवते आणि ती ११२ ला जोडलेली आहे. चोवीस तास, मोफत. कळवणारा आपले नाव गुप्त ठेवायला सांगू शकतो. करकंबला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, आणि प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा असे कायदा सांगतो. पोक्सोच्या प्रकरणात मुलाला ठाण्यात बोलवायची गरज नसते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो.

याच्याही आधीची पायरी गावातच आहे. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असावी, त्यात अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शिक्षक असावेत, अशी रचना आहे. कागदावर ती बहुतेक गावांत असते. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारावे, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि सदस्य कोण? हा प्रश्न विचारायला धाडस लागत नाही, आणि उत्तर देताना होणारी चुळबूळ पाहण्यासारखी असेल. वारीत मूल चुकले की पंढरपुरात दहा माणसे त्याचे बोट धरायला पुढे येतात. तेवढी तत्परता गल्लीतल्या मुलासाठी का दिसत नाही, हेही त्याच सभेत बोलता येईल.

हा मुलूख या बाबतीत कधी मागे नव्हता. सामाजिक बोलाला भिऊन टाकून दिल्या जाणाऱ्या, मारल्या जाणाऱ्या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाच्या लोकांनी पंढरपुरात १८७५ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर यांचा त्यात पुढाकार होता. पुढे तेच नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखले गेले. जन्मदात्यांपासूनही मुलाला कधी वाचवावे लागते, हे त्या काळच्या माणसांनी मान्य केले होते. त्या जन्मदात्रीला दोषी न ठरवता तिच्यावरचा दबाव समजून घ्यायचा असतो, हेही त्यांना कळत होते.

कळवले की मूल उचलून नेतात का?

बहुतेकांचा हात फोनपाशी थांबतो तो या भीतीने. तक्रार झाली की पोलीस येतील, बापाला नेतील, पोरगं अनाथाश्रमात जाईल आणि पाप आपल्या माथी येईल.

प्रत्यक्षात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. मुलाला घराबाहेर काढावे लागले तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे हजर करावे लागते. समिती घराची सामाजिक चौकशी करून घेते. मुलाची पहिली जागा कुटुंब आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेले आहे. त्यामुळे समुपदेशन करून, देखरेख ठेवून मूल घरीच ठेवणे किंवा आजी-मामाकडे देणे, या वाटा आधी पाहिल्या जातात. जिवाला धोका असेल तेव्हाच मूल घराबाहेर काढण्याची घाई होते, आणि तेव्हा ती व्हायलाच हवी.

आणि शंका खोटी निघाली तर? कळवणाऱ्याने छळ सिद्ध करायचा नसतो, तो तपासणाऱ्यांचे काम आहे. पोक्सोच्या कलम १९ मध्येच सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, असे संरक्षण आहे. शिक्षा आहे ती कुणाला अडकवण्यासाठी जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला. भावकीच्या वादात, बांधाच्या भांडणात मुलाचे नाव पुढे करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलेले बरे.

१०९८ वर फोन करायला मोठे माणूसच लागते असेही नाही. मूल स्वतःही लावू शकते. क्रमांक चार आकड्यांचा आहे, पहिलीतल्या मुलालाही तो पाठ होतो. झेडपीच्या शाळेच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या दारावर आणि करकंबच्या बसथांब्यावर तो मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत रंगवायला एक डबा रंग पुरतो.